अमेरिकेत फिजिकल थेरपी: इन्शुरन्स किती देतो, किती व्हिजिट देतो?

केतकी_व

नवऱ्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय, रोटेटर कफचं (खांद्याभोवतीचे स्नायूबंध). सर्जन म्हणाला की नंतर चार-पाच महिने तरी पीटी (फिजिकल थेरपी) लागेल. इन्शुरन्स त्याच्या ऑफिसचा आहे, पीपीओ, म्हणजे चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्टकडे जाता येतं असा. कार्डावर 'स्पेशालिस्ट ४० डॉलर' छापलंय, म्हणून मी धरून चालले होते की दर खेपेला ४० द्यायचे आणि विषय संपला.

ऑपरेशन जिथे आहे त्याच हॉस्पिटलच्या पीटी विभागात फोन केला. 'तुमच्या प्लॅनमध्ये पीटी कव्हर्ड आहे' एवढं एकच वाक्य मिळालं. किती व्हिजिट, आमच्या खिशातून किती, असं विचारलं तर 'ते इन्शुरन्सला विचारा.' इन्शुरन्सला विचारलं तर 'प्रोव्हायडरने कोड दिले की सांगू.' दोघंही गोड बोलतात आणि दोघंही काहीच सांगत नाहीत.

यातून गेलेल्या किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणी सांगाल का, की आधीच नक्की काय विचारून घ्यायचं? नंतर बिल बघून धक्का नको.

उंटावरचा_शहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माझी गुडघ्याची पीटी पुढच्या महिन्यात सुरू होतेय.

खडीसाखर

केतकी, मी पीटी क्लिनिकमध्ये बिलिंग बघते, त्यामुळे हा प्रश्न रोज ऐकते. सविस्तर लिहिते.

कार्डावरचा ४०चा आकडा आधी डोक्यातून काढ. पीटीला तो लागू होईलच असं नाही. काही प्लॅनमध्ये पीटीला वेगळा कोपे (दर व्हिजिटची ठरलेली रक्कम) असतो, काहींमध्ये कोपे नसतोच. तिथे आधी डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) भरायचं आणि मग २० किंवा ३० टक्के कोइन्शुरन्स (बिलातला आपला वाटा). डिडक्टिबल भरलेलं नसेल तर सुरुवातीच्या व्हिजिटचा ठरलेला दर सगळाच्या सगळा तुमच्याकडून जातो. अर्थात ऑपरेशनच्या बिलात बहुतेक डिडक्टिबल उडून जाईल, तेव्हा तुमच्या बाबतीत ही काळजी कमी.

आता प्लॅनचा 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज' शोध. सगळे त्याला एसबीसी म्हणतात. एचआरच्या पोर्टलवर असतो, नसेल तर मागितल्यावर द्यावाच लागतो. त्यात शेवटाकडे आजारातून बरं होताना लागणाऱ्या मदतीचा एक भाग आहे. तिथे 'रिहॅबिलिटेशन सर्व्हिसेस' नावाची ओळ सापडेल. लोक त्या ओळीतला डॉलरचा आकडा वाचतात आणि थांबतात. खरी गंमत सगळ्यात उजवीकडच्या, मर्यादा आणि अपवादांच्या रकान्यात असते. तिथे बारीक अक्षरात 'वर्षाला ३० व्हिजिट, पीटी, ओटी आणि स्पीच मिळून' असं काहीतरी असतं (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच म्हणजे बोलण्याची थेरपी). कधी त्यात कायरोप्रॅक्टरही धरलेला असतो. म्हणजे पाठ मोडून घ्यायला नवरा वर्षभर कायरोकडे जात असेल, तर त्या व्हिजिट याच ३० मधून वजा.

दुसरं, हॉस्पिटलचा पीटी विभाग आणि रस्त्यापलीकडचं स्वतंत्र पीटी क्लिनिक यांचं बिल एकसारखं येत नाही. हॉस्पिटलचं बिल बऱ्याच प्लॅनमध्ये 'आउटपेशंट हॉस्पिटल' म्हणून जातं, तिथे दर चढा असतो आणि कोपेऐवजी कोइन्शुरन्स लागू शकतो. व्यायाम तोच, रबरी पट्टा तोच. सर्जनने हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं म्हणून तिथेच जायला पाहिजे असं काही नाही.

तिसरं, कोड. इन्शुरन्सला 'पीटी कव्हर आहे का' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं आणि त्या 'हो'चा काही उपयोग नसतो. हे आकडे हातात घेऊन फोन कर: ९७१६१ ते ९७१६३ (पहिली तपासणी, गुंतागुंतीप्रमाणे तीनपैकी एक), ९७११० (व्यायाम), ९७१४० (हाताने केलेली मॅन्युअल थेरपी), ९७११२ (तोल आणि हालचालीवरचा ताबा) आणि ९७५३० (रोजच्या कामांचा सराव). खांद्याच्या बिलात बहुतेक हेच फिरून फिरून येतात. मग विचार: या कोडना प्रायर ऑथरायझेशन (इन्शुरन्सची आगाऊ मंजुरी) लागतं का, लागत असेल तर पहिल्या तपासणीपासून की नंतर, एका वेळी किती व्हिजिट मंजूर होतात, आणि या वर्षात आत्तापर्यंत किती वापरल्या गेल्यात. बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेव. पुढे भांडायची वेळ आली तर तो नंबर कामाला येतो.

उंटावरचा_शहाणा

एक शंका. ओबामाकेअरमध्ये (आरोग्य विम्याच्या कायद्यात) रिहॅब 'अत्यावश्यक' यादीत आहे ना? मग ३० व्हिजिटवर टाच कशी मारतात?

खडीसाखर

यादीत आहे, पण दोन पळवाटा आहेत. त्या दहा अत्यावश्यक सेवांची सक्ती २०१४पासून आहे ती व्यक्तिगत आणि छोट्या कंपन्यांच्या प्लॅनना. मोठ्या कंपन्या, आणि स्वतःच्या पैशातून क्लेम भागवणाऱ्या 'सेल्फ-फंडेड' कंपन्या, यांना ती यादी बंधनकारक नाही. बहुतेक देतात, पण आपल्या अटींवर. दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याने वर्षाला अमुक डॉलरच देऊ अशी मर्यादा घालायला बंदी केली. व्हिजिटच्या संख्येवर मर्यादा घालायला नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल थेरपी घेतंय त्यांच्यासाठी: गेलेली क्षमता परत मिळवणं ही 'रिहॅबिलिटेटिव्ह' आणि मुळात न आलेली क्षमता शिकवणं ही 'हॅबिलिटेटिव्ह'. व्यक्तिगत आणि छोट्या कंपन्यांच्या प्लॅनना २०१७पासून या दोन्हींची मोजणी वेगळी ठेवावी लागते. क्लिनिकने चुकीच्या खात्यात बिल टाकलं तर मुलाचा कोटा नाहक संपतो, लक्ष ठेवा.

पीटी_प्राजक्ता

खडीसाखरने पैशांची बाजू छान मांडली आहे. मी थेरपिस्टच्या बाजूने लिहिते, कारण क्लेम पैशांवरून नाकारला जातो त्यापेक्षा जास्त वेळा कागदावरून नाकारला जातो.

इन्शुरन्सचा रिव्ह्यूअर पेशंटला बघत नाही, आमच्या नोट्स बघतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हे काम प्रशिक्षित थेरपिस्टशिवाय होणार नव्हतं का, आणि त्याने फरक पडतोय का. 'पेशंटने व्यायाम नीट केले, दुखणं कमी आहे' अशी नोट लिहिली की पुढच्या व्हिजिट गेल्याच म्हणून समजा. त्याऐवजी 'हात समोरून ९५ अंशांपर्यंत उचलत होता, आता १३०. पूर्वी शर्ट घालायला मदत लागायची, आता स्वतः घालतो. डोक्यावरच्या कपाटातून डबा अजून काढता येत नाही, नोकरीत उंचावरचं काम आहे' असं लिहिलेलं असेल तर नाकारायला जागा राहत नाही.

पेशंटने काय करायचं? पहिल्या दिवशी 'काय जमत नाही' हे विचारतात तेव्हा आपली माणसं 'तसं बरंय' म्हणतात. कृपया असं म्हणू नका. शर्ट घालता येत नाही, गाडीचा बेल्ट ओढता येत नाही, रात्री कुशीवर झोपता येत नाही, हे सगळं सांगा. खांद्यासाठी क्विकडॅश नावाची ११ प्रश्नांची प्रश्नावली देतात. पायासाठी २० प्रश्नांची एलईएफएस असते, ८० पैकी गुण, आणि ९ गुणांचा फरक खरी सुधारणा मानतात. पार्किंगमध्ये घाईघाईत खुणा करू नका, रिव्ह्यूअर पहिल्यांदा हेच आकडे बघतो.

आणि केतकी, तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: व्हिजिट पुरवून वापरा. कफ शिवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत असतो. त्या काळात बरंचसं काम थेरपिस्ट हात हलवून देण्याचं आणि घरी लोलकासारखे झोके देण्याचं असतं. ताकदीचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, आणि खरा थेरपिस्ट तिथे लागतो. पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याला तीनदा जाऊन ३० मधल्या बहुतेक व्हिजिट संपवलेले पेशंट मी नेहमी बघते. नेमकं वजन उचलायला शिकवायची वेळ येते तेव्हा खात्यात काही नसतं. सर्जनचा प्रोटोकॉल कागदावर मागून घ्या आणि थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की आमच्याकडे एवढ्याच व्हिजिट आहेत, त्यातून आखणी कर. चांगला थेरपिस्ट यावर रागावत नाही. रागावला तर दुसरा बघा.

डोंगरवाट

प्राजक्ता, 'तसं बरंय'ला +१००. माझे सासरे तर सर्जनलाच 'तुम्ही कसे आहात' विचारून येतात.

ऑपरेशनची तारीख हातात असेल तर अजून एक. बहुतेक प्लॅन जानेवारीत शून्यावर येतात. ऑक्टोबरात ऑपरेशन केलं तर या वर्षाच्या व्हिजिट वर्षअखेरीपर्यंत आणि जानेवारीपासून नव्या, असा दुहेरी फायदा होतो. पण डिडक्टिबलही जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. ज्याचं डिडक्टिबल मोठं आहे त्याने दोन्ही बाजू कागदावर मांडून बघावी. आणि काही कंपन्यांचं प्लॅन-वर्ष जुलैत सुरू होतं, ते आधी तपासा.

अर्धा_कप

माझं मत जरा वेगळं. एवढी उठाठेव करण्यापेक्षा रोख पैसे घेणारा थेरपिस्ट बघावा. पूर्ण तास एकट्याला मिळतो. इन्शुरन्सच्या क्लिनिकात एक थेरपिस्ट तीन माणसांना सायकलवर बसवून फिरत असतो. डिडक्टिबल मोठं असेल तर तसेही सगळे पैसे आपणच भरतो.

खडीसाखर

अर्धा_कप, तुमचा मुद्दा काही लोकांसाठी बरोबर आहे. साधी पाठदुखी, चार-पाच व्हिजिटचं काम, डिडक्टिबल मोठं आणि ते वर्षभरात भरलं जाणारच नाही, अशांनी रोखीचा दर जरूर विचारावा. क्लिनिकचा रोखीचा दर कधीकधी इन्शुरन्सच्या ठरलेल्या दरापेक्षा कमी निघतो. हे पैसे एचएसएमधून (उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यातून) भरता येतात. २०२२पासून, इन्शुरन्स न वापरणाऱ्याला आधी लेखी अंदाजपत्रक देणं बंधनकारक आहे, आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक फुगलं तर तक्रार करता येते.

पण केतकीच्या घरी मोठं ऑपरेशन आहे. तिथे डिडक्टिबल भरलं जाणार, कदाचित वर्षभरात आपल्या खिशातून जायची कमाल मर्यादाही गाठली जाईल आणि त्यापुढची नेटवर्कमधली (इन्शुरन्सशी करार असलेल्या क्लिनिकमधली) पीटी फुकट पडेल. रोखीने भरलेले पैसे त्या मर्यादेत सहसा मोजले जात नाहीत. अशा वर्षात रोखीने जाणं म्हणजे पाण्यात पैसे घालणं.

घारे_अण्णा

मी ७१ वर्षांचा, मेडिकेअरवाला (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी इन्शुरन्स). आमच्या वयाच्या वाचकांसाठी थोडं लिहितो.

पूर्वी मेडिकेअरमध्ये थेरपीवर डॉलरची मर्यादा होती. १९९७च्या कायद्याने आली आणि फेब्रुवारी २०१८मध्ये काँग्रेसने ती काढून टाकली. तरी 'अण्णा, तुमची लिमिट संपली' असं सांगणारे अजून भेटतात. आता लिमिट नाही, उंबरठा आहे. २०२५साठी तो पीटी आणि स्पीच मिळून २,४१० डॉलर होता. तो ओलांडला की क्लिनिकने बिलावर 'केएक्स' अशी खूण लावून पुढची थेरपी गरजेची असल्याचं सांगायचं असतं. आधारभूत कागद त्यांच्याकडे हवेत, बस. ३,००० च्या पुढे गेल्यावर काही निवडक बिलं तपासणीला काढतात, सगळी नाही.

खिशातून किती? पार्ट बीचं (मेडिकेअरचा डॉक्टर-थेरपीचा भाग) डिडक्टिबल २०२५मध्ये २५७ डॉलर होतं. ते झालं की मंजूर रकमेच्या २० टक्के. मेडिगॅप (मेडिकेअरला पूरक खासगी पॉलिसी) असेल तर हे २० टक्के बहुतेक त्यातून निघतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'तुमच्यात आता सुधारणा होत नाही, म्हणून बंद' हे कारण एकट्याने चालत नाही. जिमो विरुद्ध सेबेलियस खटल्याची तडजोड जानेवारी २०१३मध्ये मंजूर झाली. स्थिती टिकवण्यासाठी किंवा घसरण हळू करण्यासाठी कुशल थेरपिस्टची गरज असेल तर मेडिकेअर देते. पार्किन्सनवाल्या माझ्या मित्राला हे माहीतच नव्हतं. क्लिनिकला हे नाव सांगितल्यावर त्यांनी नोट्स वेगळ्या लिहिल्या आणि थेरपी चालू राहिली.

आणि मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर) घेतलं असेल तर नेटवर्क, कोपे, प्रायर ऑथरायझेशन हे सगळं पुन्हा तुमच्यासारखंच.

अर्धा_कप

अण्णा, मेडिकेअरवाल्यांना रोखीचा पर्याय तरी चालतो ना?

घारे_अण्णा

नाही. डॉक्टरला मेडिकेअरमधून बाहेर पडून रोखीचा करार करता येतो, फिजिकल थेरपिस्टला तशी सोय कायद्यात नाही. मेडिकेअर ज्याचे पैसे देते त्याच सेवेचे रोख पैसे घेणं त्याला अडचणीचं. जिममधल्या तब्येतीच्या वर्गाचे, किंवा जे मेडिकेअर देतच नाही त्याचे, घेऊ शकतो.

रानवारा

आई इथे सहा महिन्यांसाठी आली आहे, व्हिजिटर इन्शुरन्स आहे. गुडघेदुखीसाठी पीटी मिळेल का?

खडीसाखर

जुनी गुडघेदुखी असेल तर जवळजवळ नाहीच. ते 'आधीपासूनचं' दुखणं धरतात. इथे पाय घसरून काही झालं असेल तर वेगळं, आणि तेव्हाही डॉक्टरने लिहून दिलेलं लागतं. फिक्स्ड बेनिफिटचा प्लॅन असेल तर दर व्हिजिटला ठरलेली छोटी रक्कमच देतात. आईंसाठी दोन-तीन रोखीच्या व्हिजिट घ्या, व्यायाम लिहून घ्या, व्हिडिओ काढा. (आई-वडील ग्रीन कार्डवर कायमचे येणार असतील तर वय ६५ आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झाल्यावर प्रीमियम भरून मेडिकेअर घेता येतं. तोवर ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसचा प्लॅन बघा.)

डोंगरवाट

मला एक पत्र आलंय. इन्शुरन्स विचारतोय की ही दुखापत गाडीच्या अपघातात झाली का, कामावर झाली का. मी सायकलवरून पडलो होतो. जाहिरात समजून बाजूला ठेवलं होतं, आता पीटीचे सगळे क्लेम 'पेंडिंग' दिसतायत.

खडीसाखर

ते पत्र आजच भरून पाठव. गाडीचा अपघात असेल तर कार इन्शुरन्सने आणि कामावरची दुखापत असेल तर वर्कर्स कॉम्पने आधी द्यायचं असतं, म्हणून विचारतात. उत्तर येईपर्यंत क्लेम अडकवून ठेवतात आणि उत्तर आलंच नाही तर नाकारतात. मनगट, खांदा, मान, गुडघा यांचे निदान-कोड गेले की हे पत्र बऱ्याचदा येतं. फोनवर किंवा पोर्टलवरही भरता येतं. भरल्यावर 'थांबलेले क्लेम पुन्हा चालवा' असं स्पष्ट सांग, आपोआप होतीलच याची खात्री नाही.

नाकारलेल्या क्लेमबद्दल सगळ्यांसाठीच लिहिते. ईओबी (क्लेमचा हिशेब सांगणारा इन्शुरन्सचा कागद) म्हणजे बिल नव्हे. त्यावर कारणाचे कोड असतील तर सुरुवातीची अक्षरं बघा. 'पीआर' असेल तर ती रक्कम पेशंटची: पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ कोइन्शुरन्स, पीआर-३ कोपे, पीआर-११९ म्हणजे कोटा संपला. 'सीओ' असेल तर ती क्लिनिक आणि इन्शुरन्समधली बाब. सीओ-१९७ म्हणजे आधी मंजुरी घेतली नाही. नेटवर्कमधलं क्लिनिक मंजुरी घ्यायला विसरलं तर सहसा ते पैसे पेशंटकडून मागता येत नाहीत. तरी बिल येतं. पैसे भरायच्या आधी फोन करून 'हे सीओ आहे ना?' एवढंच विचारा. पलीकडे क्षणभर शांतता पसरते. (मी स्वतः पलीकडे बसते, मला माहीत आहे.)

गरज नाही म्हणून नाकारलं, म्हणजे सीओ-५०, तर अपील करा. नकार आल्यापासून १८० दिवस असतात. सुरुवातीला थेरपिस्टला किंवा सर्जनला रिव्ह्यूअर डॉक्टरशी थेट फोनवर बोलायला सांगा, तिथेच बरेच प्रश्न मिटतात. आतलं अपील हरलात तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे जाता येतं आणि त्याचा निर्णय कंपनीला मानावा लागतो. तक्रार कुठे करायची हे प्लॅनवर ठरतं. सेल्फ-फंडेड असेल तर केंद्राचं कामगार खातं, नसेल तर राज्याचं इन्शुरन्स खातं. कार्डावर ओळखीच्या कंपनीचं नाव असलं तरी पैसे तुमच्या ऑफिसचेच असू शकतात. एचआरला विचारा. आणि सेल्फ-फंडेड असेल तर एचआरकडे हळूच शब्द टाकून बघा, कारण अपवाद करायचा की नाही यात त्यांचं म्हणणं चालू शकतं.

पीटी_प्राजक्ता

छोटी भर: रेफरल. आता पन्नासही राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पीटीकडे जाता येतं. पण राज्याने परवानगी देणं वेगळं आणि तुमच्या प्लॅनने पैसे देणं वेगळं. एचएमओवाल्यांनी (ज्यांच्या प्लॅनमध्ये सहसा आपल्या ठरलेल्या डॉक्टरमार्फतच जावं लागतं) चिठ्ठी घेऊनच जावं. आणि ड्राय नीडलिंग सुचवलं तर सुई टोचण्याआधी पैशांचं विचारा, बरेच प्लॅन देत नाहीत.

उंटावरचा_शहाणा

माझ्या आधीच्या एका बिलात '९७११०, ३ युनिट' लिहिलंय. मी एकदाच गेलो होतो, तीन कसे?

पीटी_प्राजक्ता

युनिट १५ मिनिटांचं असतं. मेडिकेअरच्या हिशेबात ८ मिनिटं झाली की एक युनिट, २३ला दोन, ३८ला तीन. इतर कंपन्याही साधारण असंच मोजतात. तीन युनिट म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. तुम्ही वीस मिनिटांत बाहेर पडला असाल तर मात्र नोट्सची प्रत मागा. व्हिजिटच्या कोट्यात ती एकच व्हिजिट धरली जाते.

केतकी_व

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कोड हातात घेऊन फोन केला आणि तीच कंपनी एकदम शहाण्यासारखी बोलायला लागली.

आमच्याकडे वर्षाला ३० व्हिजिट, पीटी आणि ओटी मिळून, कायरो वेगळा. मंजुरी लागते, पण पहिल्या तपासणीनंतर, आणि तुकड्यातुकड्याने देतात. हॉस्पिटलमध्ये २० टक्के कोइन्शुरन्स, स्वतंत्र क्लिनिकमध्ये ४० डॉलर कोपे. म्हणजे खडीसाखर म्हणाली तसंच. घराजवळच्या क्लिनिकचं नाव सर्जनच्या ऑफिसला कळवलं, त्यांना काहीच हरकत नव्हती. प्रोटोकॉलही मागितलाय.

एकच राहिलं. सर्जनची नर्स म्हणाली की पहिले दोन आठवडे थेरपिस्ट घरी येईल. त्या व्हिजिट या ३० मधून जाणार का?

खडीसाखर

बहुतेक नाही. घरी येणारा थेरपिस्ट 'होम हेल्थ केअर'मध्ये मोडतो. एसबीसीत त्याची ओळ वेगळी, मर्यादा वेगळी आणि मंजुरीही वेगळी. पण तू पुन्हा फोन कर आणि विचार, की घरी येणारी एजन्सी नेटवर्कमध्ये आहे का. ती एजन्सी हॉस्पिटल ठरवतं आणि नेटवर्क बघायला विसरतं. आणि घरची थेरपी बंद झाल्याची नोंद झाल्याशिवाय क्लिनिकची पहिली तारीख घेऊ नकोस. दोन्ही एकाच आठवड्यात पडल्या तर त्यातला एक क्लेम परत येऊ शकतो.

केतकी_व

लिहून घेतलं. सोमवारी एजन्सीचं नाव विचारते आणि इथे कळवते.